तीन सुयांची जुडी

उत्तराखंडातील अल्मोड्याच्या त्या भाड्याच्या खोलीत पहिल्याच रात्री मला समुद्राच्या गाजेने जाग आली. दापोली तालुक्यातील आमच्या गावी घर आणि किनारा यांच्यामध्ये सुरूचे बन आहे. वारा सुटला की लाटांची गाज आणि सुरूचा घोष एकमेकांत असे मिसळतात, की हे दोन वेगळे आवाज आहेत हेच लहानपणी पुष्कळ वर्षे आम्हांला कळले नव्हते. तोच आवाज समुद्रापासून इतक्या दूर, १६०० मीटरांच्या उंचीवर ऐकू आला, तेव्हा अंधारात उठून मी खिडकी उघडली. समोरच्या उतारावर उंच, काळी झाडे उभी होती आणि आवाज त्यांच्यातून येत होता. इथेही सुरू लावलेले दिसतात, असे मनाशी म्हणत मी पुन्हा झोपले.

सकाळी त्या झाडांखाली गेले तेव्हा पायाखाली तांबूस, गुळगुळीत सुयांचा जाड थर होता. सुरूच्या बनातही असाच थर असतो, म्हणून एक सुई उचलून मी सवयीने दोन्ही टोकांना धरून ओढली. आमच्याकडे मुलांचा एक खेळ असे. सुरूची हिरवी काडी एखाद्या पेरात अलगद उपटायची, पुन्हा जशीच्या तशी बसवायची आणि समोरच्याला विचारायचे, कुठे तुटली आहे ते सांग. हा खेळ खेळता येतो, कारण सुरूची सुईसारखी दिसणारी पाने ही मुळात पाने नसतातच. त्या पेरापेरांच्या हिरव्या डहाळ्या असतात, आणि प्रत्येक पेराभोवती नखाने चाचपली तरच जाणवणारे जे सहा-आठ दाते असतात, ती सुरूची खरी पाने. अल्मोड्यातील ती सुई मात्र कुठेच सुटेना. तिला पेरे नव्हती. वीतभराहून लांब, तीन धारांची अशी ती सुई होती, आणि नीट पाहिले तर ती एकटी नव्हती. तीन सुया बुडाशी एका पातळ, तपकिरी आवरणात एकत्र बसवलेल्या होत्या, बाजारात कोथिंबिरीची जुडी बांधतात तशा. त्या तिन्ही मी बोटांनी मिटवून पाहिल्या, तर त्यांची मिळून एकच गोल काडी झाली. प्रत्येक सुई म्हणजे त्या काडीची उभी चिरलेली एक तिहाई होती.

मला भेटलेला हा पहिला चीड. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव पायनस रॉक्सबर्घाय. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्घ यांनी त्याला ‘लांब पानांचा पाइन’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले होते. परंतु ते नाव दुसऱ्या पाइनसाठी आधीच वापरले गेले होते, म्हणून १८९७ मध्ये चार्ल्स सार्जंट यांनी रॉक्सबर्घ यांच्याच नावाने या झाडाचे नवे नामकरण केले. आपल्याकडे मात्र त्याचे नाव याहून कितीतरी जुने आहे. आयुर्वेदातील ‘सरल’ तो हाच. आपल्या ‘सरळ’ या शब्दाचे मूळही तेच, आणि त्या उतारावर उभे राहून वर पाहिले की हे नाव का पडले असावे हे सांगावे लागत नाही.

हिमालयात फिरायला गेलेली आपली मंडळी सुईसारख्या पानांच्या प्रत्येक झाडाला देवदार म्हणतात. मीही तसेच म्हणत असे. झाडाच्या आकारावरून ते ओळखण्याचा प्रयत्न केला की ही चूक होते, कारण दुरून ही सारी झाडे उंच, निमुळती आणि काळपट हिरवी दिसतात. त्यापेक्षा खाली वाकून पडलेली जुडी उचलावी आणि सुया मोजाव्यात. तीन सुया आणि त्याही वीतभर, मऊ, लोंबणाऱ्या असतील तर चीड. जुडीत पाच सुया असतील तर तो कैल. तो चिडाच्या वरच्या पट्ट्यात, साधारण १८०० मीटरांच्या पुढे भेटतो आणि त्याचे लांब, बारीक शंकू फांदीच्या टोकाला केळ्यासारखे लोंबत असतात. देवदाराच्या सुया बोटाच्या दोन पेरांहून लांब नसतात, टोचतात आणि आखूड डहाळीच्या टोकाला पुष्कळ एकत्र फुटतात. त्याचे शंकू पिंपासारखे, फांदीवर उभे असतात आणि झाडावरच सुटे होऊन विखुरतात. म्हणून देवदाराचा अख्खा शंकू खाली सापडणे कठीण, आणि चिडाचे शंकू तर पायोपायी लागतात. फांदीवर सुया एकेकट्या बसलेल्या दिसल्या तर तो पाइनही नव्हे आणि देवदारही नव्हे. ती स्प्रूस किंवा फर असते.

केवळ संख्येवर विसंबूनही भागत नाही. किन्नौरच्या कोरड्या खोऱ्यांत ज्याचे दाणे आपण चिलगोजा म्हणून खातो, त्या पाइनच्याही जुडीत तीनच सुया असतात. पण त्या चिडाच्या निम्म्याहून आखूड असतात आणि सालीचे पापुद्रे सुटून खोड कबरे दिसते. मेघालयातील खासी पाइनही तीन सुयांचाच. म्हणजे मोजणीला जागेचीही साक्ष काढावी लागते. चिडाची जागा म्हणजे हिमालयाच्या बाहेरच्या रांगा, साधारण ५०० ते २००० मीटरांचा पट्टा, आणि त्यातही दक्षिणेकडे तोंड केलेले, उन्हाने तापणारे उतार. त्याच डोंगराची सावलीची, ओलसर उत्तर बाजू बहुधा बांज नावाच्या ओकची असते. अल्मोड्याहून बिनसरला जाताना सुरुवातीला चिडाची लाल खोडे दिसतात आणि वर चढत गेले की बांजाची काळोखी दाटी सुरू होते. घरमालकांच्या आई, ज्यांना सारे आमा म्हणत आणि मीही म्हणू लागले, त्यांना सुया मोजण्याची कधी गरजच पडली नव्हती. कोणत्या उताराकडे बोट केले आहे एवढे पाहून त्या तिथले झाड सांगत.

खोड जवळून पाहण्यासारखे असते. चिडाची साल हाताच्या पंजाएवढ्या तुकड्यांत खोल तडकलेली असते. तडांत काळी सावली आणि तुकड्यांवर विटकरी लाली. काही झाडांच्या तडा सरळ वर न जाता खोडाभोवती वळत जातात. आतील लाकडाचाच पीळ तो. अशा लाकडाची फळी सरळ निघत नाही, म्हणून सुतार त्याला हात लावायला राजी नसतात. ही जाड साल चिडाचे चिलखत आहे. जमिनीवरून वणवा गेला तरी मोठे झाड बहुधा वाचते.

मला सर्वांत जास्त बांधून ठेवले ते शंकूंनी. एकाच फांदीवर तीन पिढ्या एका वेळी पाहायला मिळतात. वसंतात नव्या धुमाऱ्याच्या टोकाजवळ बोटाच्या पेराएवढा कोवळा शंकू येतो. त्याच सुमारास नर तुऱ्यांतून पिवळा पराग असा उडतो की ओट्यावर ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यावर साय धरावी तसा थर जमतो. परागाच्या प्रत्येक कणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, म्हणून तो इतका दूर जातो. परागण झाल्यावर गर्भधारणेला सुमारे एक वर्ष लागते आणि शंकू पिकायला दोन. त्यामुळे या वर्षीचा कोवळा, गेल्या वर्षीचा हिरवा, घट्ट मिटलेला आणि त्याआधीचा तपकिरी, उमललेला असे तिघेही शेजारी शेजारी असतात. पिकलेल्या शंकूचे खवले जाड, लाकडासारखे टणक असतात आणि त्यांची टोके मागे वळलेली असतात. हवा कोरडी असली की ते उघडतात, ओल आली की मिटतात. झाडापासून तुटलेला, वर्षानुवर्षे कपाटावर ठेवलेला शंकूसुद्धा हे करतो, कारण ती हालचाल जिवंतपणाची नसते. खवल्याचे आतले आणि बाहेरचे तंतू पाण्याने कमीअधिक फुगतात, एवढेच तिचे कारण आहे.

‘सदाहरित’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! चीड सदाहरित आहे हे खरे, पण त्याची सुई काही अमर नसते. ती एक-दोन वर्षे, क्वचित त्याहून थोडी अधिक टिकते आणि मग गळते. मार्चपासून जूनपर्यंत ही गळ इतकी असते की संपूर्ण डोंगराचा रंग बदलतो. नव्या सुया आलेल्या असतात, म्हणून झाड हिरवे दिसते; जमीन मात्र तांबडी होते. या गळलेल्या सुयांना कुमाऊँत, म्हणजे अल्मोड्याच्या त्या प्रदेशात, पिरूल म्हणतात. पिरूल लवकर कुजत नाही, त्यात राळ असते, आणि उन्हाळ्यात एक ठिणगी त्याला पुरते. उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ मानला जातो, तो पिरूल गळण्याच्या हंगामाला जवळजवळ झाकून टाकतो. उतारावरच्या पिरूलावरून पाय घसरतो तो वेगळाच. गवताचा भारा डोक्यावर घेऊन येणाऱ्या बायकांना ही गोष्ट माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

म्हणूनच मी चीड लावणार आहे असे आमांना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘चीड कोण लावतं बेटी? तो आपला आपण येतो. लावायचंच असेल तर बांज लाव.’

त्यांच्या बोलण्यामागे शंभर वर्षांचा अनुभव होता. बांजाचा पाला गुरे खातात, त्याचे सरपण चांगले, त्याच्या गळलेल्या पानांचे खत होते आणि त्याच्याखालची जमीन ओल धरते. चिडाचा पाला गुरे तोंडात घेत नाहीत. पण इंग्रज सरकारला चीड हवा होता. त्याच्या खोडाला खाच पाडली की जो चीक पाझरतो त्याला तिथे लीसा म्हणतात. तो ऊर्ध्वपातित केला की टर्पेंटाईन निघते आणि मागे बिरोजा उरतो. रंग, साबण, कागद यांच्या कारखान्यांना तो लागतो आणि व्हायोलिनच्या गजाला चोळायचा पिवळा खडाही त्याचाच. लाकडाचे रेल्वेचे स्लीपर होत. जंगले राखीव झाली, चिडाची जोपासना झाली आणि गावांचे जुने हक्क आक्रसले. १९२१ मध्ये कुमाऊँत लोकांनी जंगले पेटवली, तीही मुख्यतः चिडाची. त्याच वर्षी सरकारला लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी समिती नेमावी लागली आणि पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे, म्हणजे गावांनीच आपली जंगले सांभाळण्याचे, नियम झाले.

या इतिहासामुळे चीड इंग्रजांनीच आणला, असे अनेक जण आजही मानतात. मला ते या झाडावर अन्यायाचे वाटते. कालिदासाच्या मेघदूतात सरल वृक्षांची खोडे एकमेकांवर घासून पेटणारा हिमालयातील वणवा आहे. म्हणजे झाडही जुने आणि त्याची आगही जुनी. चीड तिथलाच. माणसाने त्याला बांजाच्या जागेत शिरू दिले, शिरवले, आणि दोष झाडाच्या माथी बसला. १९७७ मध्ये टिहरी गढवालच्या हेंवल खोऱ्यात चिपको आंदोलनातील लोकांनी लिशासाठी बेसुमार खाचा पाडलेल्या चिडांच्या खोडांतील लोखंडी पाती उपसून काढली आणि त्या जखमांवर माती आणि गोणपाट बांधले. ज्या झाडाने त्यांच्या आयाबहिणींना सरपण-पाल्यासाठी दूर चालायला लावले, त्याच झाडाची ही शुश्रूषा होती. हे मी प्रथम वाचले तेव्हा पान उलटवू शकले नाही.

आमांशी माझा तह असा झाला, की घरामागच्या पडीक पायरीशेतावर सहा बांज लावायचे आणि कडेच्या उन्हाच्या, दगडाळ तुकड्यात तीन चीड. बांजांची देखरेख त्या करणार, चिडांची मी.

फेब्रुवारीअखेर मी तपकिरी होऊ लागलेले पण अजून मिटलेले शंकू जमवले. उमललेला शंकू उपयोगाचा नसतो, त्यातील बी केव्हाच उडून गेलेले असते. गच्चीवर उन्हात पसरून ठेवल्यावर काही दिवसांनी दुपारच्या शांततेत तडतड असा बारीक आवाज येऊ लागला. खवले सुटत होते. प्रत्येक खवल्याच्या कुशीत दोन बिया आणि प्रत्येक बीला कागदासारखा पातळ पंख. गच्चीवरून एक बी सोडले तर ते गरगर फिरत इतके सावकाश खाली गेले की जिना उतरून मला ते झेलता आले असते. पंख चोळून काढले, बिया रात्रभर पाण्यात ठेवल्या आणि ज्या तरंगत राहिल्या त्या बाजूला केल्या, कारण त्या बहुधा पोकळ असतात.

माती भरताना जी गोष्ट मी पुस्तकातून घेतली होती तिची खातरजमा पुढे मुळांनीच केली. पाइन एकटा वाढत नाही. त्याच्या मुळांशी विशिष्ट बुरशीचे तंतू राहतात; ते दूरवरचे पाणी आणि फॉस्फरस मुळाला आणून देतात आणि बदल्यात झाडाची साखर घेतात. म्हणून वाळू आणि साध्या मातीबरोबर जुन्या चिडाखालची दोन-तीन ओंजळी माती पिशवीत मिसळायची. बी बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल पेरायचे, त्याहून खोल नको. पिशव्या सावलीत लपवायच्या नाहीत, चिडाला पहिल्या दिवसापासून ऊन हवे. पाणी सकाळी आणि बेताने घालायचे, कारण कोवळ्या रोपाचे देठ मातीलगत कुजून आडवे पडणे हा त्याचा पहिला मोठा धोका आहे. दुसरा धोका पाखरांचा. सुमारे तीन आठवड्यांनी रोप वर येते तेव्हा बीचे कवच त्याच्या डोक्यावर टोपीसारखे अडकलेले असते आणि पाखरे ते कवचासह खुडून नेतात. मी वर जाळी धरली. कवच गळाल्यावर आतून दहा-बारा हिरवे किरण बाहेर पसरले. पाइनची बीजदले दोन नसतात, हे मला तोवर माहीत नव्हते. ती एक हिरवी चांदणी होती. त्यानंतर येणाऱ्या सुया निळसर आणि एकेकट्या असतात. तीनच्या जुड्या पुष्कळ उशिरा फुटतात, आणि तोवर रोपाकडे पाहून त्याला चीड म्हणणे कठीण जाते.

दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैत, रोपे जमिनीत गेली. पिशवी फाडली तेव्हा मुळांवर पांढऱ्या तंतूंचे जाळे होते आणि बारीक मुळ्यांची टोके दोन-दोन फाट्यांत विभागून बोथट झाली होती. बुरशी रुजल्याची ती खूण. सोटमूळ पिशवीच्या तळाशी वळू लागले होते. आणखी एक वर्ष थांबले असते तर त्याचा विळखा झाला असता आणि असे झाड पुढे वाऱ्यात टिकत नाही. हातभर खोल खड्डा, खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखा दगडांचा बांध, आणि भोवतालचे गवत काढून घेतलेले, एवढेच केले. खत घातले नाही. चिडाला निकस, दगडाळ जमीनही चालते, फक्त पाण्याचा निचरा हवा. माया करायची तर ती उन्हाची मोकळीक देऊनच करता येते.

उरलेल्या रोपांपैकी दोन मी कोकणात नेली होती. आपल्या मातीत पाइन निसर्गतः कुठेच नाही. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे एक वेगळाच शंकुधारी वृक्ष रानात आढळतो, पण तो पाइन नव्हे. आपल्या अंगणातील मोरपंखी सायप्रसच्या कुळातील. रोपवाटिकेत क्रिसमस ट्री म्हणून मिळणारे, मजल्यामजल्यांनी फांद्या फुटणारे झाड अरौकारिया, तेही पॅसिफिकमधील बेटांवरचे. त्याच्या सुया जुडीत नसतात, फांदीवर एकेक चिकटून असतात. आमची जांभ्याची जमीन आम्लधर्मी आणि निचऱ्याची आहे, तेव्हा चीड तिथे रुजेल असा माझा हिशेब होता. त्यात कोकणचा पावसाळा मी धरला नव्हता. जुलैच्या अखेरीस दोन्ही रोपे मातीलगत काळी पडली. त्यानंतर मी पुन्हा तसा प्रयत्न केलेला नाही आणि दुसऱ्या कोणी करावा असेही मला वाटत नाही.

अल्मोडा सोडल्यानंतर सहा वर्षांनी गेल्या मे महिन्यात पुन्हा तिथे गेले. तीन चिडांपैकी एकाची साल साळिंदराने बुंध्याभोवती कुरतडली होती आणि ते उभ्यानेच वाळले होते. दुसऱ्यावरून मध्यंतरी आग गेली होती. त्याचे मूळ खोड काळा दांडका होऊन राहिले होते, पण बुडापासून दोन नवे धुमारे निघाले होते आणि त्यांच्यावर पहिल्यासारख्याच एकेकट्या, निळसर सुया होत्या. तिसरे माझ्या डोक्यावर गेले होते. फांद्यांचे मजले मी खालून वर मोजले. बुंध्याभोवती हातभर जागेतला पिरूल झाडून काढलेला होता. हे कोणी केले, असे विचारल्यावर आमा म्हणाल्या, ‘गोठ्यात अंथरायला लागतो ना,’ आणि दुसरीकडे पाहू लागल्या.

दुपारी वारा उठला. उतारावरच्या मोठ्या झाडांतून तो घोष नेहमीसारखा आधी दुरून आला, मग जवळ आला, आणि मी त्या झाडाशेजारी खाली बसून कान दिला तेव्हा त्याच्या अगदी तळाशी एक बारीक, एकसुरी आवाज वेगळा ऐकू येत होता. आमा वरच्या पायरीवरून हाक मारत होत्या. ‘बेटी, बांज बघितलेस का? सहाच्या सहा आहेत.’ मी सुया झटकून उठले आणि बांज पाहायला गेले.